आमटीला चार पट्टे

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि अनुसया शेवाळे आमटीला पट्टे बांधत होत्या. आमटी स्टीलच्या उंच कॅनमध्ये होती, कॅन गाडीतल्या डाव्या सीटवर होता आणि सीट शर्यतीच्या गाडीची होती. खोल, काळी, बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी. दोन लाल पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेकडून. चारही पट्टे मधल्या कडीत खटाखट बसले. अनुसयाबाईंनी कॅन हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"तिला इचार, लई आवळलं का म्हणून," हणमंतराव स्कूटरवरून म्हणाले.

"तिची तक्रार न्हाई. तुम्ही हेल्मेट घाला."

ही रोजची वरात होती. पुढे पिवळ्या गाडीत अनुसयाबाई आणि आमटी, मागून स्कूटरवर हणमंतराव. गाडीत त्यांना जागा नव्हती. मागची सीट काढलेली होती आणि तिथे जाडजूड लोखंडी पाइपांचा पिंजरा होता. पिंजऱ्याला आकडे, आकड्यांना डबे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, लडाखच्या घाटात ट्रक चालवलेला हा माणूस. त्याची सीट आमटीला गेली, हे जयपूरच्या सोडाला भागातल्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

हणमंतरावांची शेवटची नेमणूक जयपूरची. निवृत्तीनंतर कराडला परतायचं ठरलं होतं. पण तोवर अनुसयाबाईंनी कोल्हापूरकडच्या चार पोरांना डबे सुरू केले होते. चाराचे दहा झाले, आणि मग सीतापुऱ्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या झाडून सगळ्या मराठी पोरापोरींनी डबा लावला. कराड राहिलं. आता घर चालायचं ते सीतापुऱ्यावर, आणि सीतापुरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सांगानेरच्याही पुढे. डबे रिक्षाने जायचे. आमटीही जायची, पोचायची मात्र रिक्षाच्या पायदानात.

कंपनीतल्या मुलांची म्होरकी स्वप्नाली, नगरची. तिने एके दिवशी फोन केला.

"काकू, भाजी एक नंबर आहे. पण आज पुन्हा भात कोरडा खाल्ला. पोरं म्हणतायत, इथल्या भैयाकडे डबा लावू."

"त्याला आमटी येते का?"

"नाही येत. पण त्याची दाल पोचते, काकू."

त्या दिवशी अनुसयाबाईंनी ठरवलं की स्वतःची गाडी घ्यायची. हणमंतरावांच्या मनात व्हॅन होती. पण मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात एका जुन्या गाडीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: मागची सीट काढलेली, आत भरपूर जागा.

विकणारा निलय पंचविशीचा. वडील मूळचे नाशिकचे, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्यांचा पंपांचा कारखाना. निलय जयपुरातच वाढलेला, त्यामुळे त्याचं मराठी दर दोन शब्दांनी ठेचकाळायचं. त्याने तीन वर्षं खपून साधी गाडी शर्यतीची केली होती. आता लग्न ठरलं होतं आणि मुलीकडच्यांचं म्हणणं होतं की आधी गाडी जाईल, मग मुलगी येईल.

अनुसयाबाईंनी दार उघडून आत पाहिलं आणि त्यांची खात्री पटली की या मुलाचं आधी केटरिंग असणार.

"डबे अडकवायला पाइप छान बसवलेत," त्या म्हणाल्या.

"आंटीजी, हा रोल केज आहे. मतलब, गाडी उलटली तर..."

"तर डबे जागच्या जागी राहतात."

निलयने विचार केला. "हां. सगळंच जागच्या जागी राहतं."

"आणि हे आग विझवायचं नळकांडं. शेगडी आत ठेवत होतास?"

"नाही, आंटीजी."

"बरं केलंस. वळणावर कलते का?"

निलयच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड पडला. "बिलकुल नाही! स्प्रिंगा बदलल्यात. लोक येतात आणि फक्त आवाज ऐकतात. हे कोणी विचारतच नाही."

"अगं, ही गाडी हाय का उंदराचा पिंजरा?" हणमंतराव मागून म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

अनुसयाबाईंनी घरून पाण्याने काठोकाठ भरलेला कॅन आणला होता. तो डाव्या सीटवर ठेवून पट्ट्यांनी बांधला गेला. निलयने कारखान्यांमधल्या रस्त्यांवर अशी काही गाडी फिरवली की एका चहावाल्याने स्टोव्ह उचलून घेतला. परत आल्यावर अनुसयाबाईंनी झाकण उघडलं, सीटवर बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. सौदा झाला.

गाडीचे गुण नंतर एकेक कळत गेले. पाय उचलला की सायलेन्सरमधून लवंगी फुटायच्या. सीतापुऱ्यात तो आवाज आला की स्वप्नालीची मंडळी लॅपटॉप मिटून खाली उतरायची. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून तिथे गाडी तिरकी घालावी लागायची आणि हणमंतराव स्कूटर आडवी लावून दोन्हीकडची रहदारी थांबवायचे. तिथल्या दुकानदारांना ते वाहतूक खात्याचेच वाटत. पण आमटी पोचायची. गरम, पूर्ण, कॅनच्या काठाशी. भैयाचं नाव पुन्हा निघालं नाही.

एकच काम राहून गेलं होतं. गाडी अनुसयाबाईंच्या नावावर झाली नव्हती. त्यामुळे आवाजाची चलानं निलयच्या मोबाइलवर जात होती, आणि त्यातलं एक त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी वाचलं. निलयचा फोन आला तो रडवेलाच.

"आंटीजी, रविवारच्या आत नावावर करून घ्या. नाहीतर पापा म्हणतात, पैसे परत घ्या आणि गाडी द्या."

म्हणून त्या बुधवारी डबे पोचवून दोघं परस्पर परिवहन कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी गाडीत डोकं घातलं.

"ये क्या है?"

"डब्बे का ष्टँड," अनुसयाबाई म्हणाल्या.

"और ये बेल्ट?"

"आमटी का."

साहेबांनी डोकं बाहेर काढलं. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा जशी होती तशी करून आणा, मग सही, असं त्यांनी सांगितलं. पिंजरा, सीटा, पट्टे, स्प्रिंगा, सायलेन्सर, सगळंच आलं.

मूळचा सायलेन्सर आणि स्प्रिंगा निलयच्या माळ्यावर निघाल्या. सीटा कारखान्याच्या फाटकावर होत्या. पहारेकरी चंदनने आपली केबिनच त्या सीटांनी सजवली होती. मागची लांब सीट झोपायला, पुढच्या दोन आल्यागेल्याला. चाकं आणि इंजिन सोडलं तर त्या केबिनमध्ये अख्खी गाडी होती. चंदन उठायला तयार नव्हता.

"निलय भैयाजींनी कचऱ्यात टाकल्या होत्या. मी उचलल्या. आता माझ्या," त्याचं हिंदीतून म्हणणं.

निलयने पैशांची भाषा केली, तसा तो सीटवर आणखी पसरला. अनुसयाबाईंनी गाडीतल्या काळ्या सीटकडे बोट दाखवलं. "जरा बैठके देखो."

चंदन बसला. हणमंतरावांनी त्याला चारही पट्टे आवळले. चंदनने पुढे वाकायचा प्रयत्न केला, मग बाजूला. जमलं नाही. त्याने डोळे मिटून डुलकी घेऊन पाहिली. मान कलली, बाकी तो ताठ राहिला.

"यामध्ये झोपलो तरी साहेबांना जागाच दिसेन," तो म्हणाला आणि अदलाबदल झाली. दोन्ही काळ्या सीटा त्याच्या केबिनमध्ये गेल्या. पिंजरा निलयने कापून काढला.

शुक्रवारी सही झाली. गाडी अनुसयाबाईंच्या नावावर आली आणि तिच्यात आता काहीच विशेष राहिलं नाही. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी कॅन पाण्याने भरून मागच्या सीटवर साध्या पट्ट्याने बांधला आणि गाडी सांगानेरपर्यंत नेऊन आणली. गाडी वळणावर कलली, ब्रेकला नाक मुरडलं, खड्ड्यात डोलली. परत आल्यावर कॅन अर्धा होता आणि अनुसयाबाईंची चप्पल पाण्यात होती. सोमवारी सीतापुऱ्यात काय होणार, हे दोघांनाही दिसत होतं.

"भरा परत," हणमंतराव म्हणाले.

ते मागच्या सीटवर मधोमध बसले, कॅन मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कवळला. "चालव."

गाडी उजवीकडे वळणार असली की ते आधीच उजवीकडे झुकत. खड्डा आला की सीटवरून बोटभर उचलले जात, गाडी वर आली की खाली बसत. आरशात अनुसयाबाईंना नवऱ्याचं डोकं दिसत होतं. गाडी हलत होती, डोकं हलत होतं, कॅन तेवढा स्थिर होता.

गोपालपुऱ्याच्या चौकात त्यांनी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला.

"सांडलं का?"

"न्हाई. पण आमटी असती तर ह्ये केलं असतंस का?"

"म्हणून तर पाण्यावर केलं."

परतल्यावर त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि हणमंतरावांच्या पँटवर बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

सोमवारी स्वप्नालीची मंडळी आवाज आला नाही म्हणून खाली उतरलीच नाहीत. फोन करून बोलवावं लागलं. फटाके गेले म्हणून दोघांनी नाराजी व्यक्त केली. मग आमटी वाढली गेली आणि बोलणं थांबलं. कॅन आणणाऱ्या माणसाकडे बघत स्वप्नालीने विचारलं, "काकू, काकांना रोज आणणार?"

"आता तेच बसवलेत गाडीला."

गेल्या आठवड्यात रस्त्यात तपासणीसाठी गाडी थांबवली गेली. पोलिसाने बॉनेट उघडलं, सायलेन्सर ऐकला, मागे डोकावून मांडीवर कॅन घेऊन ताठ बसलेल्या निवृत्त हवालदाराकडे पाहिलं. आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही.

साध्या स्प्रिंगांवर गाडी हळू चालवावी लागते, म्हणून निघायची वेळ दहा मिनिटांनी अलीकडे आली आहे. उद्या गुरुवार, मसुराची आमटी. अकरा वाजून दहा मिनिटांनी हणमंतराव मांडीवर दुहेरी टॉवेल घालून मागच्या सीटवर बसतील, आणि कॅन त्यांच्या हातात आल्यावरच अनुसयाबाई गाडी सुरू करतील.