आईची नऊवारी

डांबरगोळ्यांचा वास आला की भोपाळच्या शाळेतलं ते नाटक आठवतं. त्यात मोलकरीण हवी होती. "तुम मराठी हो, थोड़ी मोटी भी हो. टीवी वाली बाई जैसी लगोगी," मॅडम म्हणाल्या.

घरी मी नऊवारी लागेल, एवढंच सांगितलं. आईने आपली मंगळागौरीची नऊवारी ट्रंकेतून काढली, मला हौसेने नेसवली, नथ घातली आणि मी राणी होणार असं गृहीत धरून पुढच्या रांगेत येऊन बसली.

झाडू घेऊन मी टीव्हीतल्या कामवाल्या बाईसारखी पोट पुढे काढून चालले. सगळा हॉल खदखदून हसला. आईने हळूच पदर ओढून आपलं पोट झाकून घेतलं.

तेव्हा ती रागावेल एवढीच भीती वाटली होती. आता कुणी फोटो काढायला लागलं की माझाही हात पदराकडे जातो, आणि मला तिचा हात दिसतो.