ओठ बधिर होण्याआधी

मुलुंडच्या स्कॅन सेंटरमध्ये खालच्या जबड्याच्या स्कॅनसाठी मी आणि एक मालवणी आजोबा शेजारी बसलो होतो. माझी अक्कलदाढ निघणार होती, त्यांच्या जबड्यातली गाठ. ते सारखे खालच्या ओठावरून बोट फिरवत होते.

"डॉक्टर म्हणतत, शीर दुखावली तर ओठ बधिर होतलो. मगे शिटी वाजतली काय गो?"

"शिटी कशाला?" मी विचारलं.

"चाळीखालसून शिटी मारलंय की बायको खिडकीत येता. तिका दिसना नाय ना."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "रेकॉर्ड कर गो बाय."

त्यांनी शीळ घातली. सगळे वळून बघायला लागले. मी रेकॉर्डिंग थांबवून मोबाइल त्यांच्या हातात दिला. आजोबांनी रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं आणि मान हलवली.

"ही माझी म्हणान ती वळखूची नाय. परत रेकॉर्ड कर."

त्यांनी पुन्हा ओठ जुळवले.