आमचे व्याही आणि थोरले

खोटं न बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण खोटं बोलायची मनापासून इच्छा असूनही ते जमत नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझं रामनगरात भांड्यांचं दुकान आहे. "दुसऱ्याला या भावात देणार नाही, तुम्ही म्हणून देतोय" हे वाक्य मी गिऱ्हाईक पायरी चढायच्या आतच म्हणायला लागतो. असल्या माणसाला देवाने असला व्याही द्यावा, यात त्याची काहीतरी थट्टा असणार. अणशीच्या पुढे, बस सोडून बरंच आत चाललं की जंगलात एक मूठभर घरांची वाडी लागायची, तिथे त्यांचं घर. भातशेती, म्हशी, परसात थोड्या सुपाऱ्या. माणूस उंच, काटक आणि बोलायला मोकळा. पण काही लपवायची वेळ आली की त्यांचा उजवा हात आपोआप उजव्या कानाकडे जातो आणि ते कानाची पाळी चोळायला लागतात. पाळी लालबुंद होते, तरी चोळतात. एकदा विहीणबाईंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. व्याह्यांनी एक भुरका मारला, "झकास झालीया" म्हणाले आणि हात कानाला गेला. विहीणबाईंनी पुढची वाटी उचलून आत नेली.

सोयरीक ठरवायला आम्ही गेलो तो दिवस मला अजून आठवतो. मुलाकडची माणसं अशा वेळी आपल्या घराचं कौतुक करतात, निदान गप्प तरी बसतात. यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाले, "पावणं, पोरगी द्यायच्या आदी समदं ऐकून घ्या. मागनं कळण्यापरास आत्ता कळलेलं बरं. पावसाळ्यात हितला रस्ता वाहून जातो. फोन लागत न्हाई, त्या वरच्या कातळावर जाऊन उभारलं तर लागतो. डॉक्टर लांब. पोरगा गुणाचा हाय, पर रागावला की दोन दोन दिस जेवत न्हाई. आन् आमची ही घोरती." आतून बांगड्या जोरात वाजल्या. माझी बायको घाबरून माझ्याकडे पाहू लागली. परतीच्या बसमध्ये ती नकारच कळवायचं म्हणत होती. मुलगीच शेवटी म्हणाली, "बाबा, याच्यापेक्षा वाईट काही निघणार नाही, एवढं तर नक्की कळलं ना? मग द्या मला तिथेच." असं ते लग्न जमलं.

त्यांच्या या खरेपणात एकच शब्द बसत नसे. ते वाघाला वाघ म्हणत नसत. त्या बाजूला जंगलात राहणारी जुनी माणसं जनावराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं म्हणजे हाक मारली, आणि हाक मारल्यावर बिचाऱ्याने यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांचा साधा विचार. व्याही त्याला 'थोरले' म्हणत, आणि तेही आदराने, आवाज खाली आणून. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच गेलो, तर व्याही म्हणाले, "काल थोरले आलते परसात." मला वाटलं, यांचे वडील बंधू. मी म्हणालो, "अहो, मग ठेवून घ्यायचं होतं जेवायला." व्याही गंभीरपणे म्हणाले, "जेवूनच गेले. शेळी नेली." त्यानंतर कितीतरी दिवस विहीणबाई मला वाढताना पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आता त्या खेळाचं सांगतो. आमची मुलगी बेळगावला हॉस्टेलात असताना एक खेळ शिकली होती. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटायच्या. एका चिठ्ठीवर 'वाघ', बाकी सगळ्यांवर 'गावकरी'. आपली चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. खेळ चालवणारी म्हणते, "रात्र झाली", की सगळ्यांनी डोळे मिटायचे. वाघाने तेवढे उघडायचे आणि मुकाट्याने एकाकडे बोट दाखवायचं. "सकाळ झाली" म्हटलं की कळतं, कोणाला उचललं ते. मग उरलेल्यांनी बसून भांडायचं, कोण वाघ असेल ते ओळखायचं, आणि ज्याच्यावर जास्त हात उठतील त्याला गावाबाहेर काढायचं. हॉस्टेलात तो खेळ म्हणे गुंडांचा होता. तिने जंगलात नेऊन त्याचा वाघ केला. महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही नवराबायको सकाळच्या बसने जायचो, जेवणं व्हायची आणि दुपारच्या लख्ख उन्हात ओसरीवर "रात्र झाली" व्हायचं. शेजारपाजारची माणसंही येत, ओसरी भरून जाई. पहिल्याच दिवशी व्याह्यांनी चिठ्ठी उघडून पाहिली आणि पुन्हा घडी घालून सुनेच्या हातात दिली. "बाई, हे असं लिवू नये. थोरले लिव." डाव संपला. वाघ कोण ते सगळ्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून चिठ्ठीवर 'थोरले' आलं.

खेळ म्हणजे वेळ घालवायची गोष्ट, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. रात्र झाली की ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, हात जोडत आणि खरोखर झोपी जात. सकाळ झाल्यावर त्यांना हलवून उठवावं लागे. एकदा थोरल्यांनी त्यांना उचललं. मेलेल्याने बोलायचं नाही, हा नियम. चहा आला, व्याही कपाकडे बघेनात. आग्रह झाला, तरी गप्प. चहा निवून गेला, खेळ संपला, तेव्हा म्हणाले, "मेलेला माणूस च्या पितो व्हय?" आणि दुसऱ्यांदा त्यांच्याकडे थोरल्यांची चिठ्ठी गेली, त्या दिवशी तर कमालच झाली. रात्र झाली, सकाळ झाली, गावात कोणीच मेलं नाही. पुन्हा रात्र, पुन्हा सकाळ, सगळे ठणठणीत. तिसऱ्या सकाळी सून वैतागली. "मामा, कोणाला तरी उचला की!" व्याही म्हणाले, "पोट भरलेलं आसलं की ते कुणाला हात लावत न्हाईत. आत्ताच तर जेवलोय."

त्यात आमचं नातं व्याह्याचं. व्याह्याला तोंडावर लबाड कसं म्हणायचं? मी आपलं जपून सुरुवात केली, "पावणं, राग मानू नका, पण मला आपला थोडासा संशय येतोय." ते लगेच उठले. "तुमी म्हंता म्हंजे आसंलच काईतरी," असं म्हणून स्वतःच्या पायाने गावाबाहेर, म्हणजे अंगणातल्या पायरीवर, जाऊन बसले. चिठ्ठी पाहिली तर गावकरी. व्याह्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून हा माणूस विनातक्रार गाव सोडत असे. माझ्यासारख्या दुकानदाराला तिथे जिंकण्यात काही अर्थच राहिला नाही.

पण हळूहळू ओसरी रिकामी व्हायला लागली. तो सगळा भाग वाघांसाठी राखलेला. आत राहणाऱ्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी बाहेर येऊन राहावं, सोय करून देऊ, असं वन खात्याची माणसं येऊन विचारून जात. आज हे घर गेलं, पुढच्या खेपेला ते. चिठ्ठ्या कमी कराव्या लागल्या. इकडे नात मोठी होत होती. शाळेचं वय जवळ आलं होतं, आणि आदल्या पावसाळ्यात ती तापाने फणफणली तेव्हा जावयाने तिला खांद्यावर घेऊन चिखलातून रस्त्यापर्यंत आणलं होतं. मुलीला बाहेर यायचं होतं, जावयालाही. मला तर फारच वाटत होतं. पण मुलीच्या बापाने व्याह्याला "घर सोडा" कसं म्हणावं? आणि व्याह्यांनी होकार दिल्याशिवाय कोणी हलणार नव्हतं. कोणी विषयाजवळ आलं की ते म्हशीचं काढत. घर सोडायची गोष्टही आमच्यात त्या जनावरासारखीच झाली. ती परसात येऊन उभी होती, आणि कोणी तिचं नाव घेत नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही गेलो. ओसरीवर आता घरचीच माणसं, नातीलाही चिठ्ठी दिली तेव्हा कुठे खेळण्यापुरती माणसं झाली. चिठ्ठ्या वाटून झाल्या आणि मी पाहतो तर व्याह्यांचा हात कानाला. पाळी आधीच लाल झालेली. रात्र झाली, ते झोपले नाहीत. सकाळ झाली, माझी बायको मेली होती. मी म्हणालो, "पावणं, आज काही आपलं लक्षण ठीक दिसत नाही." मला वाटलं, नेहमीसारखे उठतील. ते उठले नाहीत.

"मी गावकरी हाय," ते म्हणाले.

"अप्पा, कान बघा तुमचा," जावई हसत म्हणाला.

"कान ऱ्हाऊ दे. मी गावकरी हाय."

विहीणबाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "माझ्यापुढं कशाला सोंग करताय? तुमचा कान मला ठावा न्हाई व्हय?" जावयाचा हात गेला, माझा गेला. नात टाळ्या वाजवत ओरडली, "आज्जा थोरले! आज्जा थोरले!"

व्याही आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. "तुमी कायबी म्हणा. मी ह्या गावचा हाय. मी का जाऊ भाईर?" आवाज चढला नव्हता, पण असं भांडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, अखेर व्याही खेळायला शिकले. आम्ही मनापासून हसलो आणि कोणी हात खाली केला नाही. तेव्हा ते उठले, सुनेच्या हातात चिठ्ठी दिली आणि अंगणातल्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले. तिने घडी उघडली. गावकरी.

जावई म्हणाला, "मग कान कशापायी चोळत होता, अप्पा?"

मग ते तसेच पाठमोरे म्हणाले, "सकाळी रानात खात्याची माणसं भेटली हुती. मी त्यास्नी व्हय म्हणून सांगितलं. खेळ झाल्यावर सांगणार हुतो तुमास्नी." मग मान जराशी वळवून मला म्हणाले, "रस्त्याचं मी तुमास्नी सोयरिकीच्या वक्ताला सांगितलंच हुतं, पावणं. पर तवा नात नव्हती."

सून खाली जाऊन त्यांच्याशेजारी बसली. विहीणबाईंचा वर गेलेला हात कधी खाली आला ते त्यांनाच कळलं नसेल. मला इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. खेळ तिथेच मोडला. थोरल्यांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. जाताना ती मी चुलीत टाकली.

आता ते रामनगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. नात शाळेत जाते. फोन घरात बसून लागतो. एक म्हैस आणली होती, तिला इथलं पाणी मानवलं नाही. व्याही दुपारचे माझ्या दुकानात येऊन बसतात आणि मी गिऱ्हाइकाला पातेलं दाखवत असलो की मधेच म्हणतात, "बाई, ते नगो. त्येला खाली बारका पोचा हाय." मी डोळे वटारून पाहिलं तर म्हणतात, "मागनं कळण्यापरास आत्ता कळलेलं बरं." हल्ली काही बायका आधी विचारतात, तुमचे पावणे आहेत का दुकानात, आणि असले तरच आत येतात.

खेळायला इथे माणसांची वाण नाही. परवाच्या रविवारी गल्लीतली माणसं जमली होती. मुलीने सवयीने म्हटलं, "रात्र झाली. थोरले, डोळे उघडा." शेजारच्या बाई नव्या होत्या. त्यांनी डोळे मिटल्या मिटल्याच विचारलं, "थोरले म्हणजे कोण हो?"

"वाघ," व्याही म्हणाले.

अगदी सहज, मोठ्याने म्हणाले, कोणी मीठ म्हणावं तसं. आम्हा घरच्या सगळ्यांचे डोळे उघडले. विहीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ते टोपी गुडघ्यावर ठेवून शांत बसले होते. खेळ पुढे गेला, कोण मेलं, कोण जिंकलं, माझं लक्ष नव्हतं.

सगळे गेल्यावर मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "पावणं, आज नाव घेतलंत?"

"घेतलं की," ते म्हणाले. "हितं कोण हाय ऐकायला?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर होता, तसाच राहिला. एकदा तरी तो कानाकडे जावा, असं मला फार वाटत होतं.