हार्डली बोलणारे शालिग्राम मास्तर

सावद्याच्या शाळेतले शालिग्राम मास्तर मॅट्रिकला इंग्रजीतच आपटले होते. पण गावात इंग्रजी बोलणारे तेवढेच, म्हणून ते विद्वान ठरले. त्यांनी स्वतःचा एक नियम काढला होता: नुसता शब्द म्हणजे अरेतुरे, त्याला शेवटी 'ली' लावलं की अहोजाहो. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी एकमेकांना 'गुड मॉर्निंग' आणि मास्तरांना 'गुडली मॉर्निंग' म्हणत.

१९३२ साली कलेक्टरसाहेब केळीच्या बागा बघायला आले. स्वागताचं भाषण अर्थातच मास्तरांकडे. त्यांना सांगायचं होतं की आम्ही कसून काम करतो, कसोशीने सारा भरतो, सरकारवर जीव तोडून प्रेम करतो. या सगळ्याला 'हार्ड' चालेल असं त्यांनी ठरवलं. पण साहेबासमोर नुसतं 'हार्ड'? शोभत नाही. त्यांनी सगळीकडे 'हार्डली' करून टाकलं. आणि 'हार्डली' म्हणजे जेमतेम, नावापुरतं.

"वुई हार्डली वर्क!" मास्तर गरजले. टाळ्या.

"वुई हार्डली पे टॅक्स!" आणखी टाळ्या. साहेबाचे कान लाल झाले.

"अँड वुई हार्डली लव्ह द गव्हर्न्मेंट!"

कुणाला ओ की ठो कळलं नाही, पण आवाज असा चढला होता की सगळा मंडप उठून उभा राहिला.

"आर यू शुअर?" साहेबाने दात आवळून विचारलं.

मास्तर कमरेत वाकले. "शुअरली, सर."

साहेब चहा न घेताच मोटारीत बसला. दुसऱ्या दिवशी मास्तरांची नोकरी गेली, आणि दुपारी फैजपूरचे काँग्रेसवाले अभिमनभाऊ सुताचा हार घेऊन दारात हजर.

"मास्तर, काम करत नाही, सारा देत नाही, सरकारवर प्रेमही नाही, असं साहेबाला तोंडावर सुनावलंत! आमची छाती झाली नसती."

हार गळ्यात घेऊन मास्तर आत गेले. शब्दकोश उघडला आणि मटकन खाली बसले.

मामलेदार भला माणूस होता. त्याने बोलावून सांगितलं, "व्याकरण चुकलं, एवढं म्हणा. नोकरी परत मिळवून देतो. नाहीतर राजद्रोहाचा खटला होईल."

मास्तरांना तुरुंग दिसत होता. पण भर कचेरीत, कारकुनांसमोर, व्याकरण चुकलं म्हणायचं?

"माझं व्याकरण चुकत नाही," ते म्हणाले.

तीन महिन्यांची सजा झाली. धुळ्याच्या तुरुंगात एका वकील कैद्याने त्यांना पहिल्यांदा नीट इंग्रजी शिकवलं. 'लेट' म्हणजे उशिरा आणि 'लेटली' म्हणजे हल्ली, हे कळल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते. इतकी वर्षं वर्गात काय काय बोललो, ते आठवत असावेत.

सुटून आले तेव्हा ताशे लावून मिरवणूक निघाली. लोक पांगल्यावर त्यांनी बायकोला, यशोदाबाईंना, खरं काय ते सांगून टाकलं. त्या पदर तोंडात धरून हसल्या, पुन्हा पुन्हा हसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता हे कोनाले सांगू नका बरं."

त्यांनी सांगितलं नाही. पुढे देशभक्त म्हणून ते म्युनिसिपालिटीत निवडून आले. इंग्रजीच्या मास्तरांची आधी परीक्षा घ्यावी आणि मगच नेमणूक करावी, हा त्यांचा पहिला ठराव. तो एकमताने मंजूर झाला. परीक्षा कोण घेणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मात्र मास्तर पाणी प्यायला बाहेर गेले होते.