माझ्याएवढं वजन गाडीतून काढताना

घाटीच्या दुसऱ्या वळणावर सुनेची गाडी थांबली आणि मागे घरंगळायला लागली. मी तिच्या शेजारी बसले होते. मागे माझी माशांची पेटी होती. सुनेने हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, उतरा." मी उतरले, पेटी उतरवली. मग गाडी तिला एकटीला घेऊन गुपचूप वर गेली. तिला शाळा गाठायची होती. मी तिथेच वळणावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना मिळेल त्या भावाने मासे विकले आणि रिकामी पेटी घेऊन चालत घरी आले.

आमचं घर खाडीकाठी, सुनेची शाळा वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीला. मधे ही घाटी, सरळ छातीवर येणारी. चार वर्षं सून रोज शाळेत जाताना मला वरच्या बाजारात सोडत होती. मासे जेटीवर उतरतात तेव्हा सकाळची बस गेलेली असते, म्हणून गाडीशिवाय मला बाजार नाही. मुलगा बोटीवर असतो. त्यानेच ही जुनी गाडी बायकोसाठी घेतली होती.

नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी चालवून बघितली. म्हणाला, इंजिनाची ताकद गेली आहे, पण उघडण्यात अर्थ नाही, सपाटीला अजून पुष्कळ चालेल. अडचण फक्त घाटीची. सून एकटी असली तर चढते, हे त्याने करून बघितलं होतं. "मावशी," तो म्हणाला, "एक माणूस कमी करा, गाडी चढेल."

कमी करायचं माणूस कोण हे सांगायची गरज नव्हती. मुलानेही फोनवर तेच ऐकवलं, वर म्हणाला की तू आता पुष्कळ विकलंस, घरी बस. घरी बसून काय करायचं ते त्याने सांगितलं नाही.

मी पुन्हा मेकॅनिककडे गेले आणि विचारलं, एक माणूस म्हणजे किती किलो?

"तुमच्याएवढा धरा."

"आणि मी बसले, पण माझ्याएवढं दुसरं काही काढलं, तर?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. असं कोणी विचारलं नव्हतं म्हणाला. मग म्हणाला, "चालेल की. चढणीवर गाडीला किलो कळतात, माणूस कळत नाही. पण स्टेपनी, जॅक आणि सीटचे पट्टे यांना हात लावायचा नाही."

हे मला लगेच पटलं. होडी पाण्यात असते तेव्हा एखादा जास्तीचा बसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तीच होडी ओंडक्यांवरून किनाऱ्यावर ओढताना आत विसरलेला एक नांगरसुद्धा खांद्याला कळतो. मी चौथीपर्यंत शिकले. गाडीतलं मला काही समजत नाही, पण वजन समजतं. जन्मभर तेच केलं.

जेटीवरच्या काट्यावर उभी राहिले. एकाहत्तर. मासे पेटीसकट वीस किलो धरले. बर्फ दहा किलो लागायचा, तो खालून नेण्याऐवजी वर बाजारातच घ्यायचं ठरवलं. अर्ध्या तासाच्या वाटेला ओलं गोणपाट पुरतं. म्हणजे गाडीतून एक्याण्णव किलो काढायचे होते.

रविवारी पडवीच्या वाशाला माझा हुकाचा काटा टांगला आणि मी न् सून कामाला लागलो. छतावरचा लोखंडी कॅरियर सोळा किलो. त्यावर एकदा जाळं आणलं होतं, त्यानंतर तो नुसताच वाऱ्यावर फिरत होता. आधीच्या मालकाने मागे बसवलेला गाण्याचा लाकडी खोका आठ किलो, आणि तो वाजतही नव्हता. मागच्या सीटची गादी दहा. मागे पेटीशिवाय कोणी बसत नाही, म्हणून ती माळ्यावर गेली. मग सुटं सामान: शाळेच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा, रंगाचा डबा, कुणाला तरी द्यायचे राहिलेले नारळ, पाण्याचे दोन कॅन. सगळं मिळून अकरा. सून म्हणाली, हे सगळं मी रोज घाटी चढवत होते आणि उतरवत होते, कशाला ते मलाच माहीत नाही.

रबरी मॅट उचलली तर खालचं जाड कापड चिंब होतं. हाताने दाबलं की खारट वासाचं पाणी यायचं. चार वर्षं माझ्या पेटीतलं बर्फाचं पाणी गाडी पीत होती. जुनी लाकडी होडीसुद्धा अशीच पाणी पिऊन जड होते, म्हणून तिला उन्हात उलटी घालतात. कापड बाहेर काढून काट्याला लावलं तर तेरा किलो. कुंपणाच्या दगडी गडग्यावर पसरलं आणि मी दर तासाला जाऊन वजन करायला लागले. बारा, साडेदहा, नऊ. सून हसायची, म्हणायची आई, ते काय बाळ आहे का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच किलोवर येऊन थांबलं. नुसत्या उन्हाने आठ किलो गेले.

पेट्रोलचंही वजन करून बघितलं. एक लिटरची बाटली पाण्याने भरली, तशीच दुसरी पेट्रोलने. पेट्रोल हलकं निघालं, पाऊण किलोच्या आसपास. मला वाटलं होतं उलट असेल, एवढ्या ताकदीची वस्तू जड असणार. पण आमची टाकी कधी अर्ध्याच्या वर भरलेलीच नसते, तेव्हा तिथून काढण्यासारखं काही नव्हतं.

बेरीज त्रेपन्न झाली. अजून अडतीस हवे होते. मेकॅनिक म्हणाला, दारांची आतली अस्तरं काढलीत तर दीडदोन किलो निघतील, आणि पाऊस आत येईल. माझा नवरा पडवीत बसून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "जेवण सोड गो. दोन वर्षांत होशील अडतीसने कमी."

तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, बाबांची रेती?"

रेतीची गोष्ट अशी. गाडी घरी आली तेव्हा नवऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला की चालवणारी उजवीकडे एकटीच बसते, गाडी कलणार. त्याने होडीवर चाळीस वर्षं काढली आहेत. दोन पिशव्या खाडीची रेती भरून त्याने डाव्या सीटच्या मागे ठेवली, वर गोणपाट घातलं. सून अलोऱ्याच्या कॉलनीत, होड्यांपासून लांब वाढलेली, तिला हसू आलं होतं. मला नाही आलं. मला ते बरोबरच वाटलं होतं. पुढे मी डाव्या सीटवर बसायला लागले, तरी रेती तिथेच राहिली. होडीत माणूस चढला की तळातलं वजन काढतात, हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत. गाडीत आम्ही ते केलं नाही. गोणपाटावर पेटी ठेवायची, एवढंच.

दोन पिशव्या काट्याला लावल्या. बेचाळीस किलो.

नवरा उठून आला. म्हणाला, रेतीला हात लावायचा नाही, वळणावर गाडी कलंडली तर मला सांगू नका. मी म्हटलं, "अहो, बघू तरी. तुम्हीच बघा."

त्याने मग स्वतःच्या पद्धतीने बघितलं. कॅरियर निघाल्यामुळे छत मोकळं झालं होतं. त्यावर परात ठेवून पाणी ओतलं आणि परातीला काठाशी खडूची खूण केली. आधी सून एकटी बसली. पाणी उजवीकडे किंचित चढलं. "बघ," तो म्हणाला. मग मी डावीकडे बसले. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. पाणी खुणेवर आलं आणि केसभर डावीकडे गेलं.

"माझ्या रेतीपेक्षा तू जड आहेस," तो म्हणाला, आणि पिशव्या उचलून माडाच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या.

मंगळवारी मासे उतरले तसे आम्ही निघालो. घाटीच्या पायथ्याशी सुनेने पहिला गिअर टाकला. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर गाडीचा आवाज जाड झाला, वेग चालत्या माणसाएवढा राहिला. सुनेचे दोन्ही हात ताठ झाले होते. मी श्वास धरला होता, जसं काही त्याने वजन कमी होणार. गाडी थांबली नाही. रडतरखडत सड्यावर आली आणि सपाटी लागताच पळायला लागली. सुनेने घड्याळ बघितलं, मला बाजाराच्या तोंडाशी उतरवलं आणि शाळेत गेली.

मी बारा दिवस आले नव्हते. पिंपळाखालच्या माझ्या जागेवर दुसरीच कोणी सुके सोडे आणि बोंबील मांडून बसली होती. मी विचारलं, कधीपासून बसतेस? ती म्हणाली, "म्हातारी आता यायची नाही असं कळलं."

"आले," मी म्हटलं. "सरक."

तिने बोंबील गोळा करायला वेळ लावला, पण सरकली. मी बर्फवाल्याला हाक मारली.