रुक्माबाईच्या कावडीचा दांडा

इचोड्यात कोणालाही विचारा, सांगेल की रुक्माबाईनं चीनमध्ये तीन माणसं मारली आणि ती पळून इकडे आली. ही बातमी पसरवणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू. किराणा दुकानात गिऱ्हाईक थांबवायला काहीतरी लागतंच. पण बाईनं चीन नकाशातसुद्धा नीट पाहिलेला नाही, आणि माणूस एकही मेला नाही. मोडले ते फक्त नागोरावाच्या खांद्याचं हाड नि दोन दात, तेही इथल्याच आठवडी बाजारात, माझ्या डोळ्यांदेखत.

ती जन्मली आसामात, चहामळ्याच्या कडेला. आजा चीनहून आलेला. घरात सगळे हाक्का नावाची चिनी बोली बोलत, पत्ताकोबी नि मुळा पिकवत, चार डुकरं पाळत. तिला मोई म्हणत, म्हणजे नुसतंच पोरगी. बाप कष्टाळू, पण हाताचा जड. कावडीनं नदीचं पाणी आणून वाफ्यांना घालायचा, आणि कोणा लेकराचा पाय रोपावर पडला की तोच बांबूचा दांडा पोटऱ्यांवर बसायचा. रुक्माकाकूनं मला एकदा पोटरीवरचा वण दाखवला. मी विचारलं, बाप होता का फौजदार? तर म्हणाली, रोप मेलं की एक जेवण मेलं, हे आम्हाला असंच शिकवलं.

चीनशी बासष्टची लढाई लागली तेव्हा ती दहा वर्षांची. कालपर्यंत कोबी नेणारेच काठ्या घेऊन आले. वाफे तुडवले, डुकरं भोसकली. एक पिल्लू तिच्या पायाशी येऊन तडफडलं. बापानं दांडा उचलला, दोघांना आडवं केलं, तिसऱ्यानं मागून त्याच्या डोक्यात दगड घातला. दोन दिवसांनी पोलिसांनी तिथल्या सगळ्या चिनी घरांना आगगाडीत कोंबून राजस्थानच्या कैदछावणीत धाडलं. वाटेत एका स्टेशनावर डब्यावर दगड पडले, शेजारच्या म्हातारीचा डोळा फुटला. बाप डोक्याच्या जखमेनं छावणीतच गेला. काही वर्षांनी मायलेकी सुटल्या तर वावर लिलावात गेलेलं. मग कलकत्ता, तिथं चामड्याच्या कारखान्यात काम. तिथेच आमच्या इचोड्याचा ट्रकवाला यशवंतराव तिला भेटला.

लग्नात तिचं नाव रुक्मा ठेवलं. तिची सासू भागाबाई. सुनेच्या तोंडून चिनी शब्द निघाला की फुंकणीनं हाणायची. सुनेनं वर्षभर मार खाल्ला. मग एक दिवस फुंकणी हिसकावली आणि सासूच्या डोक्यावरून भिंतीवर अशी आपटली की पोपडा खाली आला. त्या दिवसापासून भागाबाई सुनेला मानानं ‘अवो’ म्हणू लागली.

पुढं रुक्माकाकूनं भाजी लावली, माहेरासारखीच कावडीनं पाणी घातलं, आणि बाजारातला निंबाखालचा कोपरा धरला. चाळीस वर्षं तोच. यशवंतराव गेल्यावर तर पोटाला आधार तेवढाच.

त्या कोपऱ्यावर डोळा होता प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्या नागोरावाचा. गलवानला चिन्यांशी झटापट झाली त्या वर्षी, हिवाळ्यात, त्याला एकाएकी देशभक्ती आठवली. मास्क हनुवटीवर ओढून, चार टगे मागे घेऊन आला, आणि ‘चिनी म्हातारे, तुह्या मुलखात जाय’ म्हणत शिव्या देऊ लागला. काकू ऐकत बसली, गिऱ्हाइकाला वांगी तोलून दिली. मग त्यानं पत्ताकोबीच्या ढिगावर बूट ठेवून दाबला.

काकूच्या कावडीचा दांडा कधी वर गेला दिसलंच नाही. नागोरावाच्या खांद्यातून वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. दुसरा तडाखा गुडघ्यावर, तिसरा तोंडावर. दोन दात वांग्यांत जाऊन पडले. टगे इतके पळाले की एकाची चप्पल तिथेच राहिली. मी काय केलं म्हणता? साक्षीदारानं जरा लांबच उभं राहावं.

ठाण्यात एसआय साहेबांनी सरळ तोड काढली: म्हातारीनं माफी मागावी, कोपरा सोडावा, केस मिटेल. हात झोळीत अडकवलेला नागोराव सुजल्या तोंडानं मान हलवत होता. मीही हळूच म्हटलं, काकू, दोन शब्द बोलून टाका. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाली, “साहेब, आसामात माह्या बापाच्या डोक्यात दगड घातला त्या दिवशी माही माय हात जोडून त्यायच्या पाया पडली होती. वावर बी गेलं, बाप बी गेला. म्हणून ह्या खेपेला मी मारून पाह्यलं. कोपरा अजून माह्याच हाये.”