उलट्या इंजिनाची गाडी

मी शिंपी आहे. शिंप्याने सुई सोडून पाना हातात धरू नये, हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. सगळ्यांनीच सांगितलं. पण ऐकणं आणि मी, आमचं कधी जमलं नाही.

झालं असं की सासरे आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, हातात काठी आली आणि अंगणातल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, चाला. बायको म्हणाली, चाला. ते म्हणाले, "जन्मभर लोकांना जिथल्या तिथे पोचवलं. आता मला कुठे जायचंय?" फाटकाबाहेर पाऊल म्हणून टाकेनात.

मी दुकानाला निघालो की मात्र खुर्चीतून आवाज यायचा, "निघाले का जावईबापू? पायीच?" त्या 'पायीच'मध्ये त्यांचं माझ्याविषयीचं सगळं मत आलं. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. घरातली स्कूटर बायकोची. मी मागे बसतो, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन.

एकदा जेवताना त्यांच्या जुन्या पाण्याच्या पंपाची गोष्ट निघाली. सामानाबरोबर तोही आमच्याकडे आला होता. पंप फुटला होता, त्याचं पेट्रोलचं इंजिन तेवढं धड होतं. "देऊन टाका भंगारात," सासरे म्हणाले.

"भंगारात कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी त्याची गाडी करतो. छोटी बाइक."

बायकोचा घास हातातच राहिला. सासऱ्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही?"

इथे जो माघार घेतो त्याला शहाणा म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी वेल्डरकडे गेलो.

आमच्या दुकानामागच्या या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. सांगितलं तेवढंच करायचं आणि वर चकार शब्द काढायचा नाही, असा त्याचा स्वभाव. हा मला तेव्हा गुण वाटला. त्याने पाइप वाकवून, जोडून सांगाडा दिला. भंगारवाल्याकडून दोन बुटकी चाकं आणली. मागच्या चाकाला एका अंगाला दातेरी चकती आणि दुसऱ्या अंगाला ब्रेक. सीटला मी स्वतः गादी शिवली, दुहेरी टीप मारून. ती गादी आजही नंबर एक आहे. गाडीत तेवढी एकच गोष्ट मला येत होती.

मग इंजिन बसवायची वेळ आली. खाली जाड पत्रा, त्यात चार भोकं, चार बोल्ट. मी टेपने मापं घेतली, खडूने खुणा केल्या, ठिणगीने भोकं पाडली. इंजिन असं चपखल बसलं की मला स्वतःचा हेवा वाटला. मग चेन चढवली. ती पोट सुटलेल्या माणसाच्या पट्ट्यासारखी खाली लोंबायला लागली. ताणायची तर इंजिन जरा पुढे सरकायला हवं, आणि ते सरकणार कुठे?

"भोकं लांबट हवी होती," मी म्हणालो.

"तुम्ही गोल सांगितली. गोल पाडली," ठिणगी म्हणाला.

लोकांच्या कपड्यात बोटभर माया सोडणारा मी. गिऱ्हाईक सुकू दे नाहीतर फुगू दे, माझी शिवण पुरते. आणि स्वतःच्या गाडीत मात्र सुताइतकीही सोडली नाही. भोकं लांब करून घेतली. चेन सरळ रेषेत आहे की नाही ते दोरा धरून बघितलं. पुढे क्लचचा डबा बसवला. त्याची गंमत अशी की इंजिनाने वेग घेतला की आतले तुकडे फाकतात, डब्याला धरतात आणि चेन फिरू लागते. हे मी सासऱ्यांना मोठ्या थाटात समजावलं.

"तुम्हाला माहीतच असेल म्हणा," मी म्हणालो.

"मी बस चालवली," ते म्हणाले. "उघडली कधी नाही."

म्हणजे अंगणात दोघेही सारखेच अडाणी होतो. एक खुर्चीत, एक जमिनीवर.

पहिल्या चाचणीला बायकोही बाहेर आली. दोरी ओढली, इंजिन फटफटलं. मी ऐटीत बसलो, गुडघे कानाशी आले, मूठ पिळली. गाडी निघाली. मागे. मी पुढे बघत, हसऱ्या चेहऱ्याने, मागे मागे जात वाळत घातलेल्या चादरींत शिरलो आणि दोरीसकट खाली आलो.

चादरीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा सासरे हसत होते. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. काठी आपटत, डोळे पुसत. "बस रिव्हर्सला घालताना कंडक्टर शिट्टी मारतो हो!" एवढं म्हणाले आणि त्यांना पुन्हा उबळ आली.

चूक सोपी होती. मी उजव्या हाताचा, म्हणून चेन फिरवणारा इंजिनाचा दांडा उजवीकडे आणला. त्या बाजूने इंजिन उलट्या दिशेला फिरत होतं. उसवून पुन्हा शिवण्याला मी घाबरत नाही, म्हणून सगळं खोललं. इंजिन फिरवलं, दांडा डावीकडे आला. मग चकतीही डावीकडे हवी, म्हणून चाक फिरवलं. चाक फिरवल्यावर ब्रेक उजवीकडे गेला आणि तो अडकवायचा पत्रा डावीकडेच राहिला. ब्रेक काढून खिडकीत ठेवला. तात्पुरता. अ‍ॅक्सिलेटरची तार थोडी आखूड पडत होती, ती ओढून ताणून पुरवली.

त्या संध्याकाळी मी गाडी अंगणात सुरू केली. या वेळी ती पुढे गेली. मला इतका आनंद झाला की मी फाटकातून तसाच गल्लीत निघालो. गल्लीला उतार आहे हे मी पायी वीस वर्षं अनुभवलं होतं, पण असं नव्हे. मूठ सोडली तरी ताणलेली तार परत जाईना. इंजिन बंद करायचं बटण तापलेल्या सायलेन्सरला चिकटून. ब्रेक खिडकीत.

समोरून बायको कामावरून परत येत होती.

"अहो, कुठे निघालात?"

"माहीत नाही!" मी ओरडलो आणि तिच्या शेजारून गेलो.

कोपऱ्यावर एका घराचं बांधकाम चालू होतं. त्यांच्या वाळूच्या ढिगात मी गाडी घातली, असं मी सांगतो. खरं म्हणजे ढीगच मध्ये आला. इंजिन आपोआप गप्प झालं. मी वाळूत बसून हातपाय मोजत होतो, तेवढ्यात बायको धावत आली.

"लागलं का?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि मग अर्धी गल्ली गोळा होईल इतक्या आवाजात जे बोलायचं ते बोलली. बोलता बोलता मध्येच थांबली. ती माझ्यामागे बघत होती.

उतारावरून सासरे येत होते. काठी टेकत, घामाघूम, पायात एकच चप्पल. बघणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगत. फाटक ओलांडून, सगळी गल्ली उतरून.

"बाबा! तुम्ही चालत आलात?" बायको म्हणाली.

"मग काय उडत?" ते खेकसले. धापा टाकत माझ्याकडे बघितलं. "ब्रेक खिडकीत आहे हे सांगायला हाका मारत होतो. थांबतंय कोण!"

मग वाळूतून गाडी उपसली. परत चढ होता आणि त्यांना दम लागला होता. ते न विचारता सीटवर बसले, दोन्ही हात हँडलवर ठेवले, पाठ ताठ केली. मी ढकलू लागलो. बायको काठी घेऊन मागून. फाटक येईपर्यंत त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मान झुकवून सलाम केला.

ठिणगीने नवा पत्रा जोडून ब्रेक बसवला. तार मी लांब आणली. आता मी गल्लीतल्या गल्लीत गाडीने दुकानापर्यंत जातो. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा लवकर पोचतो, पण पोचल्यावर कान बराच वेळ वाजत राहतात. सासरे रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालतात. का म्हणून विचारलं की म्हणतात, वाळूचा ढीग आहे का बघायला. आमचे जावई गाडी चालवतात ना.

बायकोने एकदाच फेरी मारली. उतरली, कंबर चोळली आणि म्हणाली, "शिवणयंत्रावर बसल्यासारखं वाटतं."

मी ती स्तुती धरली.